डिस्प्ले येत नाही

नगरला आलेला पाहुणा भुईकोट किल्ला आणि चांदबिबीचा महाल (तो खरं तर सलाबतखानाचा मकबरा, पण हे सांगून कोणी ऐकत नाही) बघून झाला की रणगाडा संग्रहालयात जातो. लष्कराने १९९४ साली सुरू केलेल्या या संग्रहालयात पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या ओळीने उभ्या आहेत. ब्रिटिशांचे मटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन, आपला विजयंता. तिथे कोणी इंजिन सुरू करून दाखवत नाही आणि बघणाऱ्याचंही त्यावाचून अडत नाही. बंद पॅटनसमोर उभं राहिलं तरी पॅटन म्हणजे काय चीज होती ते कळतं. पोरं तोफेखाली उभी राहून फोटो काढतात आणि समाधानाने भेळ खायला जातात.

कॉम्प्युटरचं तसं नाही. वीज नसलेला कॉम्प्युटर म्हणजे पत्र्याचा डबा. तो काचेच्या कपाटात ठेवून खाली पाटी लावली, तरी बघणाऱ्याला एवढंच कळतं की पूर्वी हे फार मोठं आणि पिवळट असायचं. पडद्यावर अक्षर उमटलं, फ्लॉपी घातल्यावर ड्राइव्हने घुर्र केलं, तरच तो कॉम्प्युटर. म्हणून जुने कॉम्प्युटर सांभाळण्याचा छंद नुसता जमवण्याचा राहूच शकत नाही, तो दुरुस्तीचाच होतो. टपाल तिकिटं जमवणाऱ्याला सोल्डरिंग आयर्न लागत नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून लागतं.

आम्ही म्हणजे कोणी संस्था नाही, मंडळ नाही, पावतीपुस्तक तर नाहीच. सावेडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मित्र, ज्याच्या बेंचवर बहुतेक कामं होतात. पूर्वी टीव्ही दुरुस्त करणारे एक काका, ज्यांच्याशिवाय जुन्या मॉनिटरला कोणी हात लावत नाही, कारण पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज प्लग काढल्यावरही बसून असतो. संगमनेरचे निवृत्त पॉलिटेक्निक सर. आणि मी, ज्याच्याकडे वेळ आहे. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं असलं, तरी आमच्याकडे येणाऱ्या यंत्रांच्या कॅबिनेटवर 'अ.नगर' असंच रंगवलेलं असतं.

परदेशात हा छंद बराच जुना आणि थोर आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने आयबीएम १४०१ हे १९५९ साली आलेलं यंत्र निवृत्त इंजिनिअरांच्या चमूकडून दुरुस्त करून घेतलं आणि ते लोकांना चालवून दाखवतात. त्याच जातीचं यंत्र १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीत आलं होतं. भारतातला व्यापारी वापराचा पहिला कॉम्प्युटर म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याच्याही आधी कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी आपल्या हातांनी टिफ्रॅक बांधला, १९६० साली पूर्ण केला. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या त्यात. पण हा सगळा मोठ्या संस्थांचा इतिहास. इंग्लंड-अमेरिकेतला घरगुती छंदवाला कमोडोर ६४ किंवा स्पेक्ट्रम दुरुस्त करत बसलेला असतो. १९८२ सालची ही यंत्रं लाखोंनी खपली आणि प्रत्येक नग दुसऱ्यासारखा. त्यांचे नकाशे मिळतात, कुठल्या जागी कुठली चिप हवी हे ठरलेलं. तिथे 'मूळ रूपात आणणे' या शब्दांना अर्थ आहे.

आमच्याकडे तो नाही, आणि या छंदाची खरी गंमत मला तिथेच वाटते. आमच्या बेंचवर येणाऱ्या बहुतेक यंत्रांना कंपनीच नसते. ती असेंबल्ड असतात.

हे कसं झालं ते सांगायला फार मागे जायला नको. आयबीएम १९७८ साली भारत सोडून गेली. १९८४ च्या नव्या धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी झाली. एचसीएल, विप्रो, झेनिथ यांचे कॉम्प्युटर मोठ्या बँकांत आणि कारखान्यांच्या हेड ऑफिसात गेले. तालुक्याच्या गावाला ते परवडायचे नाहीत. श्रीगोंदा, राहाता, शेवगाव इथल्या पतसंस्थेत, दूध संघात किंवा डीटीपी सेंटरमध्ये जो पहिला कॉम्प्युटर आला, तो कोणीतरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याहून भाग आणून जोडलेला. मदरबोर्ड तैवानचा, हार्ड डिस्क सिंगापूरची, कॅबिनेट कुठलं ते देव जाणे. मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीने आणलेला. ज्या खोलीत तो ठेवला तिथे चपला बाहेर काढून जायचं, आत गालिचा, एसी असला तर त्याच्यासाठी, माणसांसाठी नव्हे. आणि तो बिघडला की नगरच्याच कारखान्यात तयार झालेल्या लुनावर बसून एक पंचविशीतला मुलगा यायचा, त्याला सगळे 'इंजिनिअर' म्हणायचे. त्याच्या शर्टच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर असायचा, पिशवीत दोन-चार सुट्ट्या रॅम.

ही यंत्रं जन्मल्यापासूनच अपग्रेड होत आली. पहिल्या वर्षी ४ एमबी रॅम, विंडोज ९५ आलं तेव्हा ती ८ झाली. हार्ड डिस्क भरली म्हणून मोठी घातली. प्रोसेसर बदलला, मग मदरबोर्डच बदलला, पण कॅबिनेट तेच, कारण पत्रा चांगला होता. मग यातलं मूळ काय? मालकाला विचारलं तर तो कॅबिनेटवर हात ठेवतो. त्याच्या दृष्टीने पंचाण्णव साली घेतलेला कॉम्प्युटर तो हाच.

आत मात्र सगळा जमाखर्च लिहिलेला असतो. प्रत्येक भागावर विकणाऱ्याचं नखाएवढं गॅरंटीचं स्टिकर: महिन्यांचे आणि वर्षांचे आकडे छापलेले, त्यातल्या एकेकावर पेनाने खूण. ते फाडलं तर गॅरंटी गेली. रॅमवर एका दुकानाचं ९६ सालचं, डिस्कवर दुसऱ्याचं ९७ सालचं. पॉवर सप्लायच्या पत्र्यावर पेन्सिलीने जंपरची आकृती काढलेली, खाली कोणाची तरी सही. परदेशी छंदवाले पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात आणि पांढरंशुभ्र करतात. मला ते पटत नाही. आमच्या कॅबिनेटच्या दर्शनी बाजूवर खंडेनवमीला काढलेला कुंकवाचा स्वस्तिक असतो, लक्ष्मीपूजनाची हळद बटणांच्या फटीत गेलेली असते. ते पुसून काय राहणार? कुठल्याही कंपनीचं नाव नसलेला एक पांढरा डबा.

* * *

या वर्षी सर्वांत जास्त वेळ ज्याने घेतला त्या यंत्राबद्दल लिहितो. श्रीरामपुरात एक ताई गेली तीसेक वर्षं डीटीपीचं काम करतात: लग्नपत्रिका, हँडबिलं, यात्रेचे जाहीरनामे, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मधूनच एखादं पुस्तक. त्यांचा पहिला कॉम्प्युटर, ४८६ डीएक्स २, माळ्यावर होता. परिसरातल्या एका शिक्षकांनी लिहिलेला गावाचा इतिहास त्यांनी त्यावर टाइप केला होता. पुस्तक छापलं गेलं नाही, ते शिक्षक गेले, हस्तलिखित घराच्या वाटणीत कुठे गेलं पत्ता नाही. आता नातवाला ते हवंय. ताईंकडे फ्लॉप्यांचा डबा आहे आणि माळ्यावर ते मशीन.

"चालू करून बघितलंत का?" मित्राने फोनवर विचारलं.

"नाही हो भाऊ. तुम्हीच म्हणता ना, जुनं मशीन एकदम बटण दाबायचं नाही."

ताईंनी हे लक्षात ठेवलं याचं आम्हाला इतकं अप्रूप वाटलं, की मशीन आणायला आम्ही दोघं गेलो. दहा जणांतले नऊ जण बटण दाबून, धूर काढून, मगच आणतात.

जुनं यंत्र उघडल्यावर पहिली तपासणी नाकाने आणि डोळ्यांनी करायची. जळका वास आहे का, कपॅसिटर फुगलेत का, कुठे पाल तर वाळून बसली नाही ना. पॉवर सप्लायमध्ये पाल हा नगर जिल्ह्यातला नित्याचा फॉल्ट आहे. ती उबेला जाते आणि दोन बिंदूंमध्ये स्वतःच जोडणी करून मोकळी होते. इथे पाल नव्हती. पण मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात, कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ, हिरवट-निळा मोरचूद चढला होता.

३८६-४८६ च्या काळातल्या बोर्डांचं हे ठरलेलं मरण. तारीख, वेळ आणि डिस्कची माहिती लक्षात राहावी म्हणून बोर्डावर एक छोटी दंडगोल निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट सोल्डर केलेली असे, ३.६ व्होल्टची. वीज असेपर्यंत ती चार्ज होत राहायची. वर्षानुवर्षं पडून राहिली की फुटते आणि तिच्यातला क्षार बोर्डावर झिरपतो. तांब्याच्या रेषा खातो, चिपचे पाय खातो, सॉकेटच्या आत शिरतो. बंद यंत्र सुरक्षित असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा कोपरा एकदा बघावा. माळ्यावरचं यंत्र दरवर्षी थोडं थोडं मरत असतं. कोणाकडे त्या काळातला कॉम्प्युटर असेल तर दुसरं काही करू नका, ती बॅटरी तेवढी कापून टाका.

क्षार असल्यामुळे तो साध्या व्हिनेगरने मारतात, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. मोरचूद गेल्यावर खरं नुकसान दिसलं: तीन रेषा तुटलेल्या, एक अर्धवट. इतक्या बारीक रेषेवर जोड द्यायला तार लागते ती केसाएवढी, वर इन्सुलेशनचा थर असलेली. ती पंख्याचं वाइंडिंग करणाऱ्याकडे मिळते. आमच्या जिल्ह्यात शेतीपंपाच्या मोटारी जळतात इतक्या, की वाइंडिंगवाला प्रत्येक नाक्यावर आहे, आणि तो उरलेल्या तारेचे पैसेही घेत नाही. मित्राने भिंगाखाली तार ओढून चारही जोड दिले, मल्टिमीटरने 'टूं' वाजवून पाहिले.

पॉवर सप्लाय वेगळा तपासला. जुन्या एटी सप्लायच्या मदरबोर्डला जाणाऱ्या दोन जोडण्या असतात आणि त्या उलट बसू शकतात. उलट बसल्या तर बोर्ड खलास. त्या काळच्या प्रत्येक 'इंजिनिअर'ला एकच मंत्र पाठ होता: काळ्याला काळी. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत.

मग मशीन नागडं केलं. सगळी कार्डं काढली, डिस्क काढली, फ्लॉपी काढली. फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले कार्ड. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. 'डिस्प्ले येत नाही': महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य.

आत्ताच्या लॅपटॉपचा डिस्प्ले आला नाही तर बोर्ड बदलतात, म्हणजे जवळजवळ लॅपटॉपच बदलतात. ४८६ मात्र आपल्याशी बोलतो. आधी स्पीकरमधून. बायोस, म्हणजे यंत्राला जागं करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, एएमआय कंपनीचा असेल तर तीन बीप म्हणजे रॅमच्या पहिल्या टप्प्यातच गडबड, आठ बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड. अवॉर्डचा असेल तर एक लांब आणि दोन आखूड. बीपही नसेल तर पोस्ट कार्ड लावायचं: स्लॉटमध्ये बसणारं छोटं कार्ड, त्यावर दोन आकडी दिवे. यंत्र सुरू होताना बायोस प्रत्येक टप्प्याला एक आकडा बाहेर टाकत जातो, आणि जिथे अडकतो तिथला आकडा दिव्यावर राहतो. आमचा आकडा रॅमपाशी थांबला. रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे शाळेच्या खोडरबराने घासले. हा उपाय कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही आणि भारतातल्या प्रत्येक दुकानात आहे. पुन्हा बटण. पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे पळू लागले.

काका म्हणाले, "आलं बघ." संगमनेरच्या सरांनी चष्मा काढून पुसला. पुढच्याच ओळीत दोन एरर होते, पण डिस्प्ले आल्यावर एररचं काही वाटत नाही.

पहिला एरर अपेक्षित: बॅटरीच नाही, म्हणून यंत्राला काही आठवत नव्हतं, तारीख १ जानेवारी १९८०. बोर्डावर बाहेरून बॅटरी जोडायच्या पिना होत्या. तिथे साध्या तीन सेलचं होल्डर लावलं, मध्ये एक डायोड टाकून, म्हणजे बोर्ड त्या सेलना चार्ज करायला जाणार नाही. होल्डर बोर्डापासून लांब, कॅबिनेटच्या तळाशी. पुन्हा फुटलं तर फुटू दे. दुसरा एरर कीबोर्डचा. तोही त्याच कोपऱ्यातला: कीबोर्ड सांभाळणारी चिप बॅटरीच्या शेजारीच होती आणि तिच्या सॉकेटच्या आत क्षार गेला होता. सॉकेट बदललं. चिप आमच्याकडच्या एका मेलेल्या बोर्डावरून.

मेलेल्या बोर्डांचा हा साठा हीच आमची खरी संपत्ती. तो बहुतेक भंगारातून येतो. साखर कारखान्यांच्या ऑफिसांतून, पतसंस्थांतून, आणि २००१-०२ पासून एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी गावोगाव जी केंद्रं निघाली त्यांतून बाहेर पडलेली यंत्रं. पूर्वी भंगारवाला सगळं किलोवर द्यायचा. आता तो प्रोसेसर बाजूला काढतो, कारण जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोनं असतं आणि ते काढणारे त्याला जास्त भाव देतात. "सर, तुम्ही हे चालवणार म्हणताय, पण ते वितळवणारा जास्त देतो," असं आमच्या नेहमीच्या भंगारवाल्याने मला समजावलं, आणि त्याचं काही चुकत नाही. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, पुढे ते दोनदा नव्याने आले; कागदावर सगळं अधिकृत रिसायकलरकडे जायला हवं. एखादा सुटा भाग अडलाच तर पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर, नाहीतर बुधवार-रविवारचा जुना बाजार.

* * *

अपग्रेड हा या छंदातला भांडणाचा विषय. सरांचं मत, यंत्र जसं आहे तसं ठेवावं. मित्राचं मत, जे घालता येईल ते घालावं. मी मधला.

यंत्राला स्वतःच्या मर्यादा असतात आणि त्या मोठ्या मजेशीर कारणांनी आलेल्या असतात. जुन्या बायोसला ५०४ एमबीपेक्षा मोठी डिस्क दिसत नाही. का? डिस्कचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगायचा. बायोस १,०२४ सिलिंडरच्या पुढे मोजत नाही, आयडीई डिस्क १६ हेडच्या पुढे जात नाही, सेक्टर ६३. दोघांची तोकडी बाजू तेवढी एकत्र आली. गुणाकार करा, प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट धरा, ५०४ एमबी भरतात. दोन्ही खात्यांचे नियम आपापल्या जागी बरोबर आणि मधला माणूस अडकलेला, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही समजेल. यावर छंदवाल्यांनी काढलेली युक्ती अशी: जुन्या नेटवर्क कार्डवर एका चिपसाठी रिकामं सॉकेट असतं; त्यात एक्सटी-आयडीई नावाचा फुकट मिळणारा बायोस भरलेली चिप बसवायची. यंत्र सुरू होताना ती मूळ बायोसच्या पुढे होऊन डिस्कचा कारभार हाती घेते. मग खडखडणाऱ्या डिस्कच्या जागी कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड चालतं. त्या कार्डाला आयडीईची भाषा जन्मजात येते, मध्ये लागतं ते साधं पिना जुळवणारं अडॅप्टर.

प्रोसेसरच्या बाबतीत मित्राला आवरावं लागतं. डीएक्स २ काढून डीएक्स ४ घालायचा मोह होतो, पण तो ३.३ व्होल्टचा, बोर्ड जुना असेल तर सॉकेटमध्ये ५ व्होल्ट येतात आणि प्रोसेसर गरम होऊन जातो. मध्ये व्होल्टेज उतरवणारं सॉकेट लागतं. आणि मिळालं तरी ताईंच्या कामाला ते कशाला? माझा नियम साधा आहे: ज्या भागात आठवण साठलेली नाही तो खुशाल बदलावा. पॉवर सप्लाय, पंखा, बॅटरी. डिस्क बदलायची तर जुनी आधी पूर्ण उतरवून घ्यायची. ती हल्लीच्या यूएसबी अडॅप्टरला लावून भागत नाही, कारण इतक्या जुन्या डिस्कची पत्त्याची पद्धत त्याला कळत नाही. मधल्या पिढीचा एक पेंटियम त्यासाठी कायम बेंचखाली असतो.

डिस्क उतरवली. त्यात विंडोज ३.१ होतं, पेजमेकर होतं, लग्नपत्रिकांचे गणपती होते. इतिहास नव्हता. जागा कमी म्हणून ताई काम झालं की फ्लॉपीवर टाकून डिस्कवरून पुसायच्या.

फ्लॉप्या नगर जिल्ह्यात तुलनेने बऱ्या टिकतात. कोकणात आणि मुंबईत त्यांच्यावर बुरशी चढते. आपण पर्जन्यछायेत, इथली हवा कोरडी. दुष्काळाचा एवढा तरी उपयोग. धूळ मात्र भरपूर. आणि व्हायरस. त्या काळी व्हायरस इंटरनेटवरून यायचे नाहीत, फ्लॉपीतून यायचे, आणि त्यातला एक आपला घरचा: 'जोशी'. जून १९९० मध्ये तो भारतात सापडला आणि जगभर गेला. ५ जानेवारीला यंत्र सुरू केलं की ते अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा म्हणायचं. तसं टाइप केलं की मुकाट्याने पुढे जायचं. इतका समंजस व्हायरस मी दुसरा ऐकलेला नाही. हे जोशी कोण ते कधीच उघड झालं नाही. याच व्हायरसांच्या उच्छादातून पुण्यात एक मोठा धंदा उभा राहिला: सातारा जिल्ह्यातून आलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, गिऱ्हाइकांची यंत्रं व्हायरसने बंद पडलेली यायची, धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले, आणि दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील निघालं.

ताईंच्या फ्लॉप्या आमच्या चांगल्या, घासून पुसून ठेवलेल्या ड्राइव्हमध्ये घातल्या. एकही वाचली गेली नाही. फॉरमॅट करू का, असं यंत्र विचारत राहिलं.

मग ताईंच्या मशीनमधून काढून ठेवलेला ड्राइव्ह हातात घेतला. उघडला तर आत अक्षता. लक्ष्मीपूजनाच्या. एक दाणा हेड सरकण्याच्या दांड्यापाशी अडकलेला. त्या दाण्यामुळे की आणखी कशाने, त्याचं हेड मूळ जागेपासून किंचित सरकलेलं होतं. आणि ते सरकलेल्या स्थितीतच वर्षानुवर्षं लिहीत होतं. फ्लॉपीवर एका बाजूला ८० वर्तुळं असतात, फार जवळजवळ. हेड केसभर बाजूला लिहीत असेल तर त्याचं लिहिलेलं त्यालाच वाचता येतं. धडधाकट ड्राइव्हला ते अक्षर लागत नाही.

मित्राचा हात स्क्रूकडे गेला, हेड सरळ करायला. सर जवळजवळ ओरडले. असेंबल्ड यंत्रात मूळ काही नसतं असं मी वर म्हटलं, ते इथे थांबलं. या डब्यात रॅम बदलून चालत होती, बोर्ड बदलून चालत होता. बदलून किंवा सुधारून चालणार नव्हता तो फक्त हा वाकडा ड्राइव्ह, आणि त्यातला वाकडेपणाच नेमका सांभाळायचा होता. दाणा काढला, हेड अल्कोहोलने पुसलं, सरकत्या दांड्याला थेंबभर ग्रीस दिलं आणि स्क्रूला हात लावला नाही. पहिली फ्लॉपी वाचली. तिसरी अडखळली, तिला ग्रीझवीझल नावाचं छोटं कार्ड लावून वाचलं. ते फाइलच्या भानगडीत न पडता चुंबकीय खुणाच जशाच्या तशा उतरवून घेतं, उलगडा नंतर सावकाश करायचा.

फाइल मिळाल्या तरी मराठी मिळत नाही, हा पुढचा अध्याय. डॉसच्या काळात सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. मूळ काम आयआयटी कानपूरचं, मग पुण्यात वाढलेलं. ते स्लॉटमध्ये बसवलं की साध्या डॉस प्रोग्रॅमांतही देवनागरी दिसायची. माझ्या मते आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर झालेलं ते सगळ्यात मोलाचं अपग्रेड. त्यामागे इस्की ही ठरलेली सांकेतिक पद्धत होती, बहुतेक भारतीय लिप्यांना एकच. पण विंडोज आल्यावर डीटीपीवाले फॉन्टकडे वळले आणि प्रत्येक कंपनीने अक्षरांच्या जागा आपापल्या ठरवल्या. ताईंकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी होतं. तो फॉन्ट नसेल तर सबंध इतिहास इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसतो. आणि फॉन्ट चालवणारा प्रोग्रॅम उघडायला प्रिंटरच्या पोर्टमध्ये डाँगल, म्हणजे कंपनीने दिलेली किल्ली, लागतं. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नाही, आणि यूएसबीचं कन्व्हर्टर लावून प्रोग्रॅम फसत नाही, तो जुन्याच पत्त्यावर डाँगल शोधतो. म्हणजे फिरून ताईंचंच मशीन.

अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरात 'ज्ञानोदय' सुरू केलं. त्याचा त्या वेळचा अंक हातात आला तर वाचायला फक्त चष्मा लागेल. त्याच जिल्ह्यात दीडशे वर्षांनी टाइप झालेला मजकूर वाचायला ठराविक बोर्ड, ठराविक फॉन्ट, एक डाँगल आणि एक वाकडा ड्राइव्ह लागला. अशा फ्लॉप्या जिल्ह्यात किती डब्यांत असतील कोण जाणे: स्मरणिका, तालुक्याचे दिवाळी अंक, कवितासंग्रह. त्यांच्या मालकांना आमचं सांगणं एवढंच, की फ्लॉपी देताना जुना ड्राइव्ह फेकू नका.

युनिकोडमध्ये आणण्यासाठी कन्व्हर्टर आहेत. ते बहुतेक नीट बदलतात, पण रफार भलत्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी एक अक्षर मागे-पुढे होते, जोडाक्षरं फुटतात. म्हणून ताईंच्या मशीनवर मूळ पान उघडायचं, शेजारी नव्या कॉम्प्युटरवर बदललेलं, आणि ओळीवर बोट ठेवून ताळा करायचा. हे काम ताईच करतात, बेंचजवळ खुर्ची टाकून. त्यांच्याएवढ्या वेगाने ते दोन्ही वाचणारं दुसरं कोणी नाही. गावातल्या विहिरींच्या नावांचं प्रकरण झालं, १९७२ च्या दुष्काळाचं अर्धं झालं.

मशीन आता संग्रहात ठेवावं असा आमचा बेत होता. सरांनी पाटीचा मजकूरही मनात तयार केला होता. परवा ताई म्हणाल्या, "भाऊ, हे सगळं झालं की मशीन घरी कधी देताय? त्यातले जुने गणपती आणि ती जाड शीर्षकाची अक्षरं नव्यात नाहीतच. तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे पत्रिकांची गर्दी सुरू होते."